चौदा नंबरची बदली

६ एप्रिल

शून्य मिनिटं. आजही शून्य!

जिंकलो असतो तर एक वेळ गिळलं असतं. पण देवासकडून हारलो, आणि तेही तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पुढे असून! चौथ्यात दीपकभाऊचे पाय गेले. माणूस शॉटसाठी उडी घेतो आणि जमीन त्याला सोडतच नाही. मला बाकावरून दिसत होतं. चणेवाल्याला दिसत होतं. आमच्या कोचना, लीलाधर सरांना, दिसलं नाही! हाताची घडी, दाढेत लवंग, आणि तेच सात जण आलटून-पालटून.

बारा जणांचा संघ. बारा जणांना 'तापी किंग्ज'ची निळी जर्सी, बारा जणांशी करार. खेळायचं सातांनी. बाकीचे पाच काय, टाळ्यांना?

मी नववा. जीवन दहावा. जीवन म्हणजे माझा रूम पार्टनर, डोईफोडियाचा, ताडासारखा उंच आणि म्हशीसारखा शांत. म्हणतो, "सरांनी काही विचार केला असंन ना भो." विचार! मी टॉवेल फेकला, तो नेमका सरांच्या बुटावर पडला. त्यांनी उचलला, घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बी.कॉम. अर्ध्यात सोडून आलो ते याच्यासाठी? आबांना छाती ठोकून सांगितलं होतं — बुऱ्हाणपूरचा पहिला प्रोफेशनल बास्केटबॉल संघ आहे आबा, इतिहास आहे हा! आबा म्हणाले होते, "इतिहासच पाहिजे होता तं बी.ए. करायचं."

८ एप्रिल

परवा खरी गोष्ट लिहिली नाही. आज लिहितो. जीवन जेवायला खाली गेलाय.

खेळायचं आहेच. पण बाकावरून उठायचं अजून एक कारण आहे, आणि ते कारण स्कोररच्या टेबलावर बसतं.

नियम असा: बाकावरच्या खेळाडूला आत जायचं असेल तर त्यानं स्वतः टेबलाकडे जायचं. स्कोररला सांगायचं. मग शेजारच्या खुर्चीवर बसून थांबायचं — खेळ थांबला, हॉर्न वाजला की आत! बाहेरगावची पोरं "सब" म्हणतात. आपल्याकडे सगळे "बदली" म्हणतात. नेपानगरच्या पेपर मिलमधून आलेला शब्द. तिथे कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली कामगार. सर मिलचे, निम्मा संघ मिलच्या कॉलनीतला, म्हणून आम्ही पण बदली.

आणि स्कोरर — मृणाल. ती पण नेपानगरची. आम्ही "करून राह्यलो" म्हणतो, ती "करते आहे" म्हणते. केस घट्ट बांधलेले, कानात काही नाही, हातात दोन रंगांची पेनं. आख्ख्या स्टेडियममध्ये गोंधळ चालू असतो आणि ती एकटी अशी बसते जशी परीक्षेला बसलीये.

मतलब हिशोब सोपा आहे. सरांनी सात खेळवले तर मी तिच्याशी शून्य वेळा बोलतो. दहा खेळवले तर दर मॅचला तीनदा, चारदा! टीमची डेप्थ वाढलीच पाहिजे. टीमच्या भल्यासाठी!!

(तू हसू नको, पान.)

१० एप्रिल

गेलो! आत गेलो!

मॅच हातातून गेल्यावर, शेवटच्या दोन मिनिटांना, खंडव्याविरुद्ध. पण गेलो! सरांनी मागे न बघता बोट हलवलं — "चौदा." मी टेबलाकडे असा पळालो की टेबलच ओलांडून गेलो असतो.

"बदली!!"

"हळू. मी समोरच आहे." वर पण बघितलं नाही. "नंबर?"

छातीवर वीतभर आकड्यात लिहिलाय! तरी सांगितला. "चौदा."

"बसा."

बस, एवढंच. पण मग तिनं माझ्या नंबरपुढे लाल पेनानं बारीक फुली मारली. बदली खेळाडू पहिल्यांदा आत आला की फुली. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीभोवती गोल असतो. माझी बिनगोलाची. चालेल! तिच्या हातची आहे!

दोन मिनिटांत दोन फाउल केले. एक गरजेचा होता.

टेबलावर आज भिकनभाऊ नव्हते. ते टाइमकीपर, घड्याळ आणि हॉर्न त्यांच्याकडे. एरवी शनवारा गेटपाशी स्टोव्ह-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बघतो तर पायऱ्यांवर बसून चणे खातायत! म्हटलं, भाऊ आज सुट्टी? म्हणाले, "भाचा खेळतो ना खंडव्याकडून. घरचा माणूस मैदानात असला की आपण टेबलावर बसायचं नाही. उसूल आहे." आणि भाच्यानं तीन पॉइंटचा टाकला तर एवढ्या जोरात शिट्टी वाजवली की रेफरीनं वळून बघितलं.

१३ एप्रिल

आज बोललोच. प्रॅक्टिसमध्ये, सगळ्यांसमोर. तोंड ऐकतच नव्हतं.

"सर, मिलमध्ये मशीन एकाच पाळीवर चालायचं का?"

"नाही."

"किती पाळ्या?"

"तीन."

"का?"

"मशीन थांबू नये म्हणून."

"मग दीपकभाऊ काय मशीनपेक्षा मोठे आहेत का?"

दीपकभाऊ पाणी पितापिता खोकायला लागले. हसत होते बहुतेक.

सरांनी लवंग एका दाढेतून दुसऱ्या दाढेत नेली. म्हणाले, "सात जणांना एकमेकांची सवय असते. कोण कुठे उभा आहे हे न बघता कळतं. दहा झाले की सवय तुटते. पहिल्या पाचांनी मिळवलेलं दुसरे पाच चार मिनिटांत उधळतात. तू उधळणार नाहीस याची गॅरंटी?"

मी म्हटलं, देतो गॅरंटी!

"तुझ्या दोन मिनिटांत दोन फाउल," सर म्हणाले. "प्रश्न चांगला आहे तुझा. विचारायची रीत भिकार आहे. पायऱ्या!"

स्टेडियमच्या पायऱ्या चढ-उतर, चढ-उतर, पोरं घरी जाईपर्यंत. ऊन असं की पायऱ्यांवर पापड भाजावा. जीवन खाली उभा राहून मोजत होता. मी सांगितलं नव्हतं त्याला. मग मोजता मोजता तोही माझ्याबरोबर पळायला लागला, येडा.

१४ एप्रिल

मांड्या!!! पलंगावरून उठता येत नाही. पण बोललो ते बरोबरच होतं.

१७ एप्रिल

घरी, जसोंडीला जाऊन आलो. केळीला पाणी चालू होतं. मायनं भाकरी, ठेचा, वर मला बघून रडू — "किती वाळला रे." वाळलो कुठे, बसून बसून वजन वाढलंय.

आबांना सातचं आणि दहाचं सांगितलं. मला वाटलं, माझी बाजू घेतील. आबा पील कापत होते. केळीच्या बुडाशी जी पोरं फुटतात ती. विळ्यानं एक एक उडवत म्हणाले, "तुहा मास्तर बराबर करून राह्यला. सगळे पील ठेवले तं घड पडतो बारीक. खाणारे तोंडं जास्त, आन माल कमी."

मी उखडलो. म्हटलं, म्हणजे मी पील? कापायचा?

"तू आधी कॉलेज कापलं, मंग मी काही बोललो का?"

माय मधेच म्हणाली, "आन ते वादळ आलतं त्या वर्षी? समदी बाग आडवी झालती. मंग कोण उभं होतं?"

आबा विळा थांबवून तिच्याकडे बघत राहिले. "पीलच होतं," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण एक ठेवलं होतं, बारा नाही!"

बसमध्ये हसत हसत आलो. एक. एक पण चालेल मला.

२० एप्रिल

आज काय झालं ते लिहायला हात पुरत नाही!!!

सागरच्या टीमविरुद्ध मॅच. संध्याकाळी सातला पण कोर्ट तव्यासारखं. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच दीपकभाऊंच्या दोन्ही पिंडऱ्यांत गोळे आले, उचलून बाहेर. मग अजून एक जण उलटीला पळाला. राहिले पाच, सगळे धापा टाकत. सरांनी बाकाकडे बघितलं. पहिल्यांदा! नीट! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणाले —

"दुसरी पाळी. उठा."

पाचच्या पाच बदलले! मी, जीवन, सगळे. पाच जण ओळीनं टेबलापुढे, मी पहिला. "बदली!" मृणालनं या वेळी वर बघितलं. पाच निळ्या जर्सी एकदम बघून तिच्या भुवया उडाल्या. "सगळे?"

"सगळे! मिल चालू झाली!"

ती हसली नाही. पण पेन उचलताना ओठ आत दाबून धरला. मी बघितलं!

मग आम्ही धावलो. बाप रे, काय धावलो! शॉट कुणाला येत नव्हता आम्हाला, पण पाय होते — ताजे, महिनाभर बसून साठवलेले पाय! सागरवाल्यांना बॉल पकडू दिला नाही. चार मिनिटांनी पहिली पाळी परत, ताजी. मग पुन्हा आम्ही. पायऱ्यांवर सगळे पॉवरलूमवाले बसलेले, पाळी सुटली की थेट मॅचला येणारे. त्यांना हे एकदम कळलं! सरांनी हात वर केला की आख्खं स्टेडियम ओरडायचं, "पाळी बदली! पाळी बदली!"

चौथ्या क्वार्टरमध्ये सागरवाले गुडघ्यांवर हात ठेवून उभे. आणि दीपकभाऊ, गोळे चोळून परत आलेले, असे उडाले जसे सकाळचे!

जिंकलो. बावीस पॉइंटनं!!

मी टेबलापाशी चारदा गेलो. चौथ्यांदा मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "चौदा. बसा."

नंबर विचारला नाही!

२१ एप्रिल

चौदा. बसा. चौदा. बसा. चौदा. बसा.

२४ एप्रिल

सलग दुसरी जीत. आता दहा जण खेळतात, ठरलंच. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला पॉइंट करायचे नाहीत. समोरच्याचा जो सगळ्यात जड माणूस आहे त्याला दमवायचं. पाच फाउल असतात माणसाला. दीपकचे पाच सोन्याचे आहेत. तुझे पाच खर्चायला आहेत. पण डोकं ठेवून खर्च. रागात फाउल करशील तर तो माझा नाही, तुझा."

पहिल्यांदा वाटलं, अपमान आहे. मग वाटलं, अरे, काम आहे हे! खास माझं!

मॅचनंतर बस स्टँडजवळच्या रसवंतीवर मृणाल दिसली. नेपानगरच्या गाडीला वेळ होता. कोर्टाबाहेर पहिल्यांदा. मी जाऊन उभा राहिलो आणि तोंडातून काय निघालं? "बदली!"

रसवाला म्हणाला, "हं?"

ती हसली! मग थांबली आणि म्हणाली, "आमच्या घरात हा शब्द असा ओरडून कुणी म्हणत नाही." तिचे बाबा, नामदेवकाका, मिलमध्ये कितीतरी वर्षं बदली होते. सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी आलं नाही तर काम, सगळे आले तर डबा घेऊन परत. "आई डबा दोन्ही दिवशी सारखाच भरायची," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, कायम माणूस मशीन चालवतो, बदली माणूस मशीन थांबू देत नाही."

मग म्हणाली, "तुम्ही खुर्चीवर बसल्यावर पाय हलवता. टेबल हलतं. माझे आकडे वाकडे येतात."

म्हणजे तिला जाणवतं!

२८ एप्रिल

बोललो. स्टँडवर. गाडी लागली होती, ती पायरीवर चढली होती, आणि मी म्हटलं, "मला तुम्ही आवडता." खाली एक बाई कोंबडी घेऊन चढायला थांबली होती. ती म्हणाली, "अगं, सांग ना त्याले काहीतरी, मले चढू दे!"

मृणाल कानापर्यंत लाल. म्हणाली, "लीग चालू आहे."

आणि आत गेली.

लीग चालू आहे! म्हणजे काय? नाही? की थांब? जीवनला विचारलं. तो विचार करून करून म्हणाला, "लीग चालू तं आहेच ना भो."

३ मे

सत्यानाश.

जिंकलो. सेमीफायनल जिंकलो, उज्जैनला हरवलं, फायनलला गेलो. आणि मी आयुष्यातली सगळ्यात मोठी गाढवपणाची गोष्ट केली.

मावा जिलेबी. हाफटाइमला स्टेडियमबाहेर गरम कढई चालू होती. पाव किलो घेतली, पुड्यात. तिसऱ्या क्वार्टरला टेबलाकडे गेलो, "बदली" म्हटलं आणि पुडा तिच्या समोर ठेवला. म्हटलं, संध्याकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही!

पाक. पाक गळत होता!! स्कोअरशीटवर. पेन चालेना, कागद कोपराला चिकटून वर यायला लागला. आणि उज्जैनचे कोच धावत आले, "ये क्या चल रहा है? स्कोरर को मिठाई खिला रहे हो?" लीगचे कमिशनर उठले. मॅच थांबली! पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडून दुसरी मिठाई मागितली, "दराबा भी ला दे भाई!" सगळे हसायला लागले. मृणालनं नवीन शीट घेतली, सगळे आकडे पुन्हा उतरवायला लागली. कमिशनरनी विचारलं, "मिठाई कुठे आहे?" तर भिकनभाऊंनी तोंड पुसत म्हटलं, "कोणती?" पुरावा खाऊन टाकला होता.

मी खुर्चीवर. पाय एकदम स्थिर.

"चौदा. बसा" पण म्हणाली नाही.

४ मे

सकाळी स्टेडियमवर गेलो, माफी मागायला. ती कमिशनरकडून बाहेर येत होती. मी तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"ऑक्टोबरमध्ये माझी स्कोररच्या नॅशनल पॅनेलची परीक्षा आहे. तिथे विचारतात, तुमच्यावर कधी आक्षेप घेतला गेला आहे का. कालपर्यंत मी 'नाही' म्हणू शकत होते."

मी म्हटलं, मी सांगतो कमिशनरना, चूक माझी —

"तुम्ही काहीही सांगू नका! तुम्ही सांगितलं की ते आणखी खरं वाटतं. टेबलावर मी कुणाची नसते, अनिकेत. मला फक्त नंबर दिसायला हवेत."

पहिल्यांदा नाव घेतलं माझं. आणि कसं घेतलं!

६ मे

भिकनभाऊंच्या दुकानासमोरून चाललो होतो. ते मिक्सर उघडून बसलेले, तोंडात स्क्रू. म्हणाले, "फायनलला मृणाल नाही रे, कडू."

(संघात मला कडू म्हणतात. रागामुळे.)

"का?"

"बदली झाली तिची." आणि मिक्सर चालू केला. घर्रर्र! पुढे काय बोलले ते ऐकू आलं नाही, मी थांबलोच नाही.

बदली! पाठवून दिली तिला! सागरला ज्युनियर पोरांच्या मॅची चालू आहेत, तिकडेच टाकली असणार. फायनल सोडून बच्चे लोकांच्या मॅचला! पाव किलो जिलेबीपायी! मी सरळ कमिशनरच्या ऑफिसकडे निघालो, सायकल अशी मारली की चेन उतरली. आणि दारात लीलाधर सर. कुठून आले देव जाणे. हँडल धरलं माझं.

"कुठे?"

सगळं ओकलो. जिलेबी, बदली, सागर, अन्याय!

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आत जाऊन ओरडशील. उद्या सगळ्या लीगला कळेल की चौदा नंबर त्या पोरीसाठी ओरडला. मग तिचं काय राहील? हा रागातला फाउल आहे, पोरा. तुझा, माझा नाही."

दहा मिनिटं उन्हात उभा होतो. मग चेन बसवली. परत आलो.

आयुष्यात पहिल्यांदा परत आलोय मी कुठून तरी.

७ मे

फायनलला आठच खेळणार. सरांनी आज सांगितलं. "लीगमध्ये दहा लागतात, कारण उद्या पुन्हा मॅच असते. फायनलनंतर उद्या नाही. जे चांगले ते जास्त वेळ."

मी नववा!!

ओरडायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. कारण सर बरोबर बोलत होते. हेच जास्त वाईट! दीपकभाऊंच्या हातात बॉल असावा असंच मलाही वाटतं. जीवननं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, ठीक आहे भो, डबा भरून जाऊ. गेटवर उभं राहू.

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तर म्हणाला, "मंग माझ्या डब्यात शेव टाकशील."

९ मे

काल फायनल. आज सकाळी लिहितोय, आवाज बसलाय, हात चालतो.

जबलपूर. माणसं नाहीत, विजेचे खांब! पायऱ्या गच्च, लूमवाले, केळीवाले, आबा पण आलेले! मायला घेऊन! आबांनी नवीन टोपी घातलेली. टेबलावर तिच्या जागी एक चष्मेवाले काका. मी एकदाच बघितलं. मग बघितलं नाही.

पहिला क्वार्टर बाकावर. दुसरा बाकावर. तिसऱ्यात चार पॉइंटनं पुढे, आणि दीपकभाऊंचा चौथा फाउल! अजून एक झाला की बाहेर, कायमचे. सरांनी वळून बघितलं. बाकावर ताजा कोण? सगळ्यांत ताजा कोण? डबा भरून कोण बसलंय?

"चौदा. दीपकला श्वास घेऊ दे. बस. दुसरं काही करू नको."

टेबलाकडे चालत गेलो. पळालो नाही. "बदली."

"नंबर?"

"चौदा."

काकांनी फुली मारली, मोठी, वाकडी. खुर्चीवर बसलो. पाय हलवला नाही. ती नव्हती, तरी नाही हलवला.

त्यांचा सात नंबर माझ्या वाट्याला. बॉल घेऊन समोर आला आणि हळूच म्हणाला, "क्यूँ जलेबी, आज खाली हाथ?" गोष्ट सगळ्या लीगमध्ये पसरलीये! कानातून वाफ निघाली. महिन्यापूर्वी मी त्याला टेबलासकट उचलला असता. कोपर वर गेलाच होता, आणि आठवलं, तो माझा फाउल, सरांचा नाही. तिचा पण नाही. कोपर खाली. पाय हलवले फक्त. डावीकडे गेला, मी डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे. त्यानं फेकला, रिंगवर आपटला, जीवननं — हो, जीवन पण आत आलेला! — असा हात वर केला की बॉल जणू आंब्यासारखा तोडून घेतला.

एक फाउल खर्च केला मी. मोजून, तो घुसला तेव्हा. एकच.

आत गेलो तेव्हा चार पॉइंटनं पुढे. बाहेर आलो तेव्हा चार पॉइंटनं पुढे. मी एकही टाकला नाही. काहीच झालं नाही त्या वेळात! आणि मला वाटलं, हेच ते. मशीन थांबलं नाही.

बाहेर येताना दीपकभाऊ आत चाललेले, टॉवेलनं तोंड पुसत, ताजे. माझ्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाले, "बस झाली झोप. आता बघ."

बघितलं! चौथा क्वार्टर आख्खा त्यांचा. पाचवा फाउल झालाच नाही. अकरानं जिंकलो!! पायऱ्यांवरून सगळे खाली, सर पहिल्यांदा लवंग थुंकून हसले, आबा कुणाला तरी सांगत होते, "तो चौदा नंबर, ते आमचं पील आहे!"

मेडल गळ्यात. आणि मी टेबलाकडे बघितलं. चष्मेवाले काका पेनांना टोपणं लावत होते.

सागरला किती वाजले असतील, असलं फालतू काहीतरी डोक्यात आलं. वेळ तर सगळीकडे सारखीच असते.

१० मे

सागरला कुणी गेलंच नाही!!

रसवंतीवर भेटली. मी विचारलं, सागरहून कधी आलात? "सागर? मी कशाला जाऊ?" म्हटलं, भिकनभाऊ बोलले, बदली झाली. ती इतकी हसली की ग्लास ठेवावा लागला. "दुसऱ्या गावाला पाठवतात ती बदली नाही. तुमची खेळाडूंची असते ती बदली! मीच मागितली. कमिशनर सरांना सांगितलं, किंग्जच्या फायनलला माझ्या जागी दुसरा स्कोरर बसवा."

मग परवा कुठे होतात?

"सगळ्यात वरच्या पायरीवर. बाबांना घेऊन आले होते."

पण का? फायनल का सोडली?

रसाचा एक घोट घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भिकनकाका खंडव्याच्या मॅचला टेबलावर का बसत नाहीत, सांग बघू."

सांग म्हणाली. सांगा नाही.

घरचा माणूस!